देवकीमावशीच्या चपलेतला खडा

देवकीमावशी शाळेच्या चढणीवर वाकून चपलेतला खडा काढत होती. तिसऱ्यांदा. एका हातात कांद्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने चप्पल झटकतेय, आणि मान खाली, म्हणजे श्वास कसा चाललाय ते कुणाला दिसू नये. मी टेम्पो बाजूला घेतला.

"चढ गो मावशी."

"तू जा पुढे. खडो गेलो बघ चपलेत."

खडा नव्हता. कधीच नव्हता. दोन वर्षं ती त्याच चढणीवर तेच खडे काढत होती, अख्खा वाडा बघत होता, आणि कुणाच्या तोंडातून शब्द नाही. बाकी वेळी कुणाच्या घरात कुठली मासळी शिजली ते वास घेऊन सांगतात.

मावशी आमची शेजारीण. सख्खी मावशी नाही, पण मी नववीत शाळा सोडली तेव्हा सख्खे तोंड फिरवून बसले होते आणि हिने मला ताट वाढलं. वर विचारलं, "गाडी शिकतेस?" तिचा नवरा शिवदासकाका तेव्हा खाणीच्या ट्रकवर होता. त्याच्या मागे लागून तिने मला गाडी शिकवायला लावली. म्हणून तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की मी गप्प बसत नाही. एकदाच बसले. ते पुढे येईलच.

मावशी माहेरची आमोण्याची, दिली इथे पाळी गावात. वय सेहेचाळीस. आमच्या बायकांच्या गटाकडे चार शाळांचं दुपारचं जेवण आहे, भाजी-पाव. सात बायका पहाटे पत्र्याच्या शेडीत जमतात, पाव पोदेराच्या भट्टीतून येतो, नि मी टेम्पोतून शाळांवर पोचवते. फोडणी मावशीची. दुसऱ्या कुणी घातली तर पोरं पहिल्या घासाला ओळखतात आणि पाव नुसता खाऊन भाजी तशीच ठेवतात. एकदा एका शाळेतल्या बाईंनी मला विचारलं होतं, "आज देवकीबाई आल्या नाहीत का?" काकाचा ट्रक बंद पडल्यापासून घरही त्याच कामावर चालत होतं, पण पोरं भाजी चाटूनपुसून खातात हे ऐकलं की ती जशी हसायची, तशी घरी कधी हसताना मी बघितली नाही.

डिचोलीच्या डॉक्टरनी तिला दोन वर्षांमागेच सरळ सांगितलं होतं, दमा. दोन पंप दिले. एक रोज घ्यायचा, दुसरा निळा, धाप लागली तर. रोजचा तिने महिन्याभरात सोडला, कारण पंपाची सवय लागते म्हणे. कोण म्हणे? सगळे म्हणे. निळा ठेवला, तोसुद्धा घरी, तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसून.

"कित्याक लपवतेस?" मी विचारलं.

"शेडीत कळलां तर छातीचो रोग म्हणतील. पोरांच्या जेवणाक हात लावूक देतील?"

"तो टीबी गो. हा दमा."

"तुका कळतां. त्यांका कोण सांगतलो?"

मार्चमध्ये सर्वेवाली आली. अंकिता नाव, पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मोठ्या माणसांत दमा किती जणांना आहे त्याची देशभर मोजणी चाललीय म्हणाली. आमच्या वाड्यावरची घरं तिला बंद मिळाली, कारण बायका सगळ्या शेडीत. मग तिने काय केलं? सरळ शेडीत आली, नि सातही घरांचे प्रश्न तिथेच उभं राहून विचारायला लागली. सगळ्यांच्या देखत! घरातलं दुखणं असं विचारतात? बाजारात मासळीचा भाव विचारल्यासारखं?

"घरात अठरा वर्षांवरच्या कुणाला डॉक्टरांनी दमा सांगितलाय?"

शुभांगी आमची गटप्रमुख. ती आधी बोलली. "आमच्या शेडीत? छे गो! सगळी धडधाकट. लिही, नाही."

"प्रत्येकीने वेगळं सांगायचं, ताई."

नंदा म्हणाली, नाही. सुप्रिया म्हणाली, "माझ्या घोवाक आळसाचो दमो आसा. तो लिहितेस?" सगळ्या हसल्या. अंकितासुद्धा हसली. मग मावशीची पाळी.

"तू आमोण्याची मां गो? कोणाची?" तिचा चेहरा निरखत मावशीनेच उलटं विचारलं.

अंकिताने बापाचं नाव सांगितलं. मावशीच्या माहेराहून तीन घरं सोडून. झालं. मावशी पातेल्याकडे वळली नि म्हणाली, "नाही गो बाय. आमच्याकडे कोणाक नाही."

मी तोंड उघडलं होतं. मावशीने नुसतं बघितलं माझ्याकडे. आणि मी गप्प बसले. ती हीच वेळ. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

रस्त्यावरून खनिजाचे ट्रक चालले होते, लाल धूळ आत येते म्हणून खिडक्या-जनेलं बंद. उशीर झालाय म्हणून शुभांगी ओरडली. मावशीने तेलात सुक्या मिरच्या सोडल्या. ठसका सगळ्यांनाच लागला, पण मावशीचा थांबेना. खांदे वर चढले, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या, छातीतून शिट्टी. हातातला डाव खाली पडला आणि ती कांद्यांच्या पोत्यावर बसली. बसली कसली, कोसळली.

आणि या बायका! नंदा पाठ चोळतेय. सुप्रिया कांदा फोडून नाकाशी धरतेय, जणू फिट आलीय. शुभांगी पाण्याचा तांब्या तोंडाला लावतेय. जिला श्वास घेता येत नाही तिच्या तोंडात पाणी ओतता? मी जनेल उघडलं नि टेम्पोकडे धावले. घर पाच मिनिटांवर, पंप तांदळात.

दारापर्यंत पोचले तोवर अंकिताने बॅगेतून निळा पंप काढला होता. तिने तो हलवला, टोपण दातांनी उडवलं. "मावशी, आधी श्वास सोडा. सोडा सगळा. आता ओढा... धरून ठेवा." परत एकदा. परत. दहा मिनिटांनी मावशीच्या ओठांवर रंग आला.

"ह्यां काय गो?" शुभांगीने विचारलं.

"ऑफिसचं सँपल," अंकिता म्हणाली. "सर्वेत देतात आम्हाला." आणि पंप झटकन बॅगेत टाकला.

मी तिला बाहेर गाठलं. "आता लिही. डोळ्यांनी बघितलंस ना?"

"घरचा माणूस सांगतो तेच लिहायचं असतं. आणि फॉर्म गेला. एकदा पाठवला की उघडत नाही."

"मग ही कसली मोजणी? तुझ्या पायाशी बाई तडफडली, आणि तुझ्या यंत्रात नाही?"

"देशात शंभर मोठ्या माणसांत दोघा-तिघांना दमा, असा आकडा येतो, ताई."

"येणारच! असं सगळ्यांच्या देखत विचारलंस तर दोन तरी कशाला, शून्य येईल. सातातली एक तुझ्यासमोर बसलीय!"

ती टॅब छातीशी धरून चढण उतरली. मधे एकदा थांबली, मोबाईल काढून बघितला नि मग गेली.

दुसऱ्या दिवशी शुभांगी मावशीला म्हणाली, "चार दिवस घरी ऱ्हव. पालकांच्या कानार गेलां तर गटाचां काम जायत. आणि पोरांका लागला तर?" मावशीने अॅप्रन काढून घडी घातली, खिळ्याला अडकवला आणि गेली. भांडली नाही. तिला रोग लागला होता, यांना तर साधी लाजही नव्हती लागलेली! कालपर्यंत जिच्या फोडणीवर गटाचं नाव चालत होतं ती बाई आज पोरांना धोका?

चार दिवसांचे पंधरा झाले. भाजी परत यायला लागली. मी अर्धी भरलेली पातेली शुभांगीच्या पुढ्यात आदळायचे, ती बघून न बघितल्यासारखं करायची. शेवटी मी मावशीला टेम्पोत घातलं नि डॉक्टरकडे नेलं. कागद लिहून घेतला, मराठीत. परत येऊन शेडीत उभी राहिले आणि मोठ्याने वाचला. मी वाचताना अडखळते. अडखळले. तरी वाचला: दमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, काम करायला हरकत नाही, फक्त धुरापासून लांब, आणि रोजचा पंप बंद करायचा नाही.

"कागद काय, कोण पण लिहून दितां," शुभांगी म्हणाली.

तेव्हा मावशी पुढे आली. आवाज बारीक, पण स्वच्छ. "शुभांगी, माका दमो आसा. दोन वर्सां झाली. ह्या दोन वर्सांत माझ्या हातचां खावन कोणाचा पोर आजारी पडला? नाव सांग. एक सांग."

शुभांगी पातेल्याचं झाकण सारखं करायला वळली. मग नंदाने पायानेच आडोळी पुढे सरकवली, जिच्यावर आम्ही नारळ खोवतो ती, आणि म्हणाली, "बस गो देवकी. वीस नारळ पडलेत कधीचे."

शुभांगी होय म्हणाली नाही. नकोही म्हणाली नाही. माफी तर तिने आजपर्यंत मागितली नाही, आणि मी ते विसरणार नाही.

आता मावशी शेडीबाहेर फणसाखाली बसून खोवते. फोडणी सुप्रिया घालते, पण बाहेरून हुकूम चालतो. "आता घाल मिरची! आता! जळवलीस मां, धांदरट!" जनेलं सगळी उघडी. निळा पंप तिच्या कमरेच्या बटव्यात असतो. चढणीवर ती अजून थांबते, पण चप्पल काढत नाही. सरळ उभी राहते नि म्हणते, "थांब गो, धाप लागली."

ऑगस्टमध्ये मी तिचा पंप आणायला डिचोलीच्या फार्मसीत गेले. माझ्या पुढे अंकिता. काउंटरवर तोच निळा पंप.

"काय गो, सँपल संपलं?"

तिचा चेहरा उतरला. बाहेर पायरीवर तिने मला सगळं सांगितलं. ऑफिस कुणालाही सँपल देत नाही. त्या दिवशीचा पंप तिचा स्वतःचा होता, दहावीपासून ती घेते. घरी तिचं लग्न बघतायत. आणि आमोण्याची घरंही तिच्याच यादीत होती. स्वतःच्या घराचा फॉर्म तिने आईच्या शेजारी बसून स्वतःच भरला होता. त्यात तिने लिहिलं होतं: दमा, कोणालाही नाही.