शिट्टीबाई आणि आमचा फुटबॉल

शिट्टीबाईंची शिट्टी वाजली की खेळ तिथेच थांबवून सगळ्या मुलींनी जागा बदलायच्या. गोलकीपरनं पुढे यायचं, फॉरवर्डनं मागे जायचं. पहिल्या दिवशी हे ऐकून आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. मुळात पंचवटीतल्या आमच्या शाळेत मुलींनी फुटबॉल खेळणं हेच सत्तरच्या दशकात लोकांना पचत नव्हतं. त्यात पी.टी.च्या या बाई पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून स्वतः चेंडू मारायच्या. कुंपणाबाहेर भाजीवाले हातगाड्या थांबवून बघत.

बाईंचे भाऊ मुंबईला गोदीत कामाला होते. ते परदेशी खेळांची जुनी मासिकं पाठवत. ती उघडून बाई विचारायच्या, "फुटबॉल कोणी बदलला, सांगा." आम्ही भराभर गोल करणाऱ्यांवर बोट ठेवायचो. बाई मान हलवायच्या. "त्यांचं नाव होतं. पण हा बघा, जर्मनीचा बॅक. बॅकनं मागे उभं राहून नुसतं अडवायचं असतं, हा चेंडू घेऊन स्वतःच पुढे निघाला. आणि हे हॉलंडवाले. यातला कोण कुठे खेळतो, ते त्यांच्या आईलाही सांगता येणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "तू बॅक आहेस म्हणजे खांब नाहीस."

बाई कधी ओरडल्या नाहीत. चुकलं की जवळ येऊन हळूच विचारायच्या, "आत्ता तुला काय दिसलं?" त्यापेक्षा ओरडा परवडला असता.

नववीत असताना एकदा सरावात शिट्टी वाजली. मी ऐकली, पण थांबले नाही. फॉरवर्ड खेळणाऱ्या सुमनकडून चेंडू काढायचाच, या ईर्ष्येनं आडवी घुसले. कडकन आवाज झाला. सुमनचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत सुमनचे वडील होते, माझे वडील होते, बाई होत्या. "नक्की काय झालं?" सरांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मीच तिला घुसायला सांगितलं होतं. चूक माझी आहे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी गडबड झाली. सरांनी कागद पुढे केला. बाईंनी तेच वाक्य लिहून खाली सही केली. माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मी गप्प बसले.

संस्थेनं त्यांची बदली घोटीला केली. मी त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा त्या ट्रंक भरत होत्या.

"बाई, मी शिट्टी ऐकली होती."

"माहितीय मला."

"मग खोटं का बोललात?"

"चूक मुलीची ठरली असती, तर मुलींना हा खेळ झेपत नाही म्हणून बंदच केला असता त्यांनी. बाईंची ठरली, तर फक्त बाई बदलतात." त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. "सुमनला मात्र खरं सांग. तिच्यासमोर माझ्यामागे लपू नकोस."

मी तशीच सुमनकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड वळवलं. म्हणाली, "जा तू आता."

सोमवारी नवे सर आले. मैदानावर आम्ही दहा जणी उभ्या होतो.

"बॅक कोण खेळतं?" त्यांनी विचारलं.

हात वर करायला मला बराच वेळ लागला.