खिडकीवरचं पोस्टर

टीबी वॉर्डातल्या बंद खिडकीवर आमच्या आरोग्य संस्थेचंच पोस्टर होतं: ‘हवा खेळती ठेवा.’ गेल्या महिन्यात मीच ते दोन्ही झडपांवर आडवं चिकटवलं होतं.

“खिडकी का उघडत नाही?” मी शिकाऊ नर्स सुजाताला दरडावलं.

“पोस्टर फाटेल ना, दादा! सिस्टर ओरडतात.”

शिकायला आलेल्या या मुली दिवसभर खोकणाऱ्यांच्या उशाशी उभ्या असतात, एकच मास्क आठवडाभर पुरवतात. त्यांच्या श्वासाची काळजी इथे कुणालाच नाही. पोस्टर चिकटवताना मला तरी कुठे होती?

मी ते टराटरा फाडलं. खिडकी उघडली, वारा आत आला. मागे सुजाता खोकली.

“धूळ असेल,” ती म्हणाली.

मी मान डोलावली आणि पुन्हा खोकते का, ते ऐकत तिथंच थांबलो.