जमलं म्हणजे नेमकं काय जमलं

माझ्या मुलीचं लग्न एका रविवारी दुपारी फक्त वीस मिनिटांसाठी ठरलं होतं. तेवढ्यात आमच्या रिठदच्या अर्ध्या गल्लीत साखर वाटून झाली आणि इंझोरीच्या माझ्या मेव्हण्याने ही बातमी सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर कळवूनही टाकली. चूक कोणाची, हे सांगावं लागू नये म्हणून ही हकिकत मी आजवर टाळत आलो. (चूक माझी होती.)

माझी मुलगी पल्लवी वाशीमला एका औषधांच्या दुकानात काम करते. तिथे लागल्यावर तिने हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र घेतलं. दिवाळीत घरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, पाहा तर खरं." मी पाहिलं, आणि त्यानंतर ते तिला परत मिळालं नाही.

जमिनीखाली गडप झालेलं एक नगर. त्यात कंदील घेऊन फिरणारी एक मुलगी, तिच्या खांद्यावर घुबड, मागे अधूनमधून वाजणारी बासरी, आणि प्रत्येक दालनाच्या टोकाला बंद दरवाजा. कोडं सोडवलं की दरवाजा उघडतो. मी एकवीस दरवाजे उघडले आणि बाविसाव्यापाशी अकरा दिवस अडकलो. तिथे झरा एक, हौद तीन, आणि तिन्ही एकाच वेळी काठोकाठ भरायला हवे. वावरात पाणी देण्यात माझा जन्म गेला, पण ते हौद काही भरेनात. दर वेळी चुकलं की घुबड माझ्याकडे बघून मान हलवायचं. ते मला फार लागायचं.

अशात पल्लवीला पाहायला शेलूबाजारची मंडळी येणार असं ठरलं. मुलगा अनिकेत, गुजरातेत इंजिनिअर. त्याचे वडील वामनराव यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. माणूस अतिशय कडक, हसत नाही, फालतू बोलत नाही, अशी माहिती मेव्हण्याने आधीच पुरवली होती.

"आज थे खेळणं पाहुण्याईच्या नजरेस पडलं, तर मी थे चुलीत घालीन," माझी बायको शोभा म्हणाली. जीप दारात थांबली तेव्हा मी झऱ्यापाशीच होतो. घाईघाईत यंत्र दिवाणावरच्या गादीखाली सरकवलं आणि हात जोडून बाहेर गेलो.

चहा झाला, पोहे झाले. मग शोभा म्हणाली की पोरापोरीला आपसात बोलू द्या. पल्लवी आणि अनिकेत मागच्या अंगणात गेले. अनिकेतच्या आईला घेऊन शोभा स्वयंपाकघरात गेली. समोरच्या खोलीत उरलो आम्ही दोघं बाप.

"यंदा तूर बरी हाय," मी म्हणालो.

"हाय," वामनराव म्हणाले.

पुढची पाच मिनिटं आम्ही पंख्याकडे पाहिलं. मग वामनराव जरा सावरून बसले आणि त्यांच्या खालून बासरी वाजली.

ते उठले. गादी उचलली. यंत्र हातात घेऊन त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं. "हे काय हाय जी?"

"पोरीचं हाय," मी तिच्यावर ढकलून मोकळा झालो.

"हे पोरगी पान्यात काहून उभी हाय?"

आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. अकरा दिवसांचं दुःख होतं ते. मी त्यांच्याजवळ सरकलो आणि झरा, हौद, झडपा, सगळं समजावून सांगितलं. वामनरावांनी खिशातून चष्मा काढला. एकदा झडप फिरवून पाहिली, चुकली. घुबडाने मान हलवली.

"हे कायले मुंडी हालवून राह्यलं?"

"मलेही तसंच करते."

वामनरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांच्यासमोर आजवर कोणत्याही मोटारीने मान हलवली नसणार. "भाऊ, तुमी लाइनच उलटी धरली," ते म्हणाले. "पह्यले मोठा हौद बंद करा."

यानंतर काय काय झालं ते मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी समजलं. शोभा चहा घेऊन आली, दोन बाप खांद्याला खांदा लावून बसलेले पाहून डोळे पुसत आत गेली आणि होणाऱ्या विहीणबाईंना म्हणाली, "त्याईचं तं लय जुळलं वो."

मग पल्लवी आली. "बाबा, जरा बाहेर या ना. बोलाचं हाय."

"दोन मिन्टं."

"बाबा, आमचं बोलनं झालं."

"मस्त झालं," मी म्हणालो. मधला हौद अर्ध्यावर आला होता.

तिच्यामागोमाग अनिकेतही आला. "बाबा, नाही जमत," तो वडिलांना म्हणाला.

"काहून नाही जमत?" वामनरावांनी मान वर केली नाही. "सारं जमते. जरा दम धरा लागते."

"पण आमी दोघायनंही विचार केला..."

"विचार आमी करून राह्यलो ना. तू बस तिकडं."

पल्लवी आणखी दोनदा आली, असं ती म्हणते. मला ते आठवत नाही. मला एवढंच आठवतं की वामनरावांनी डावी झडप धरून ठेवली, मी उजवी फिरवली, तिन्ही हौद एकदम काठाला आले, दगडी दरवाजा करकरला, आणि आम्ही दोघं दिवाणावरून उठून ओरडलो, "जमलं! जमलं!" वामनरावांनी मला मिठी मारली. न हसणारा तो माणूस अक्षरशः खिदळत होता.

स्वयंपाकघरात त्या एका शब्दाचा एकच अर्थ होता. शोभाने विहीणबाईंना कुंकू लावलं, साखरेचा डबा काढला आणि शेजारच्या सिंधूताईंच्या तोंडात पहिली चिमूट घातली. पुढची गल्ली सिंधूताईंनी सांभाळली. शोभाने भावाला इंझोरीला फोन लावला. आमच्या खोलीत एकेक माणूस येऊ लागला, हातावर साखर ठेवू लागला. मला वाटलं, गावाला दरवाजाचं कळलं. मी प्रत्येकाला म्हणत होतो, "अकरा दिवस लागले, पण जमलं."

"एवढ्या लवकर कोनाचं जमते," सिंधूताई म्हणाल्या.

तेवढ्यात पल्लवी दारात येऊन उभी राहिली. मागे अनिकेत. दोघांचे चेहरे पांढरे पडले होते.

"काय जमलं?" तिने विचारलं.

"बाविसावा," मी म्हणालो.

शोभाच्या हातातून डबा निसटला.

"त्याले गुजरात सोडाचं नाही," पल्लवी म्हणाली. "मले रिसोडले माझं सोताचं दुकान टाकाचं हाय. पाच मिन्टांत आमी दोघायनं नाही म्हनलं. तीन खेपा सांगाले आली मी, बाबा. तीन खेपा. तुमी मान वर नाही केली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला माझ्याच घरात कुठे बघावं ते सुचेना. वामनरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते मुलाला हळूच म्हणाले, "तूही सांगतलं होतं का?" अनिकेतने हो म्हणून मान हलवली. ते मान हलवणं घुबडापेक्षाही जास्त लागलं.

शिक्षा शोभाने सुनावली. ज्या ज्या घरात साखर गेली, त्या त्या घरात दोघा बापांनी जाऊन जमलं नाही म्हणून सांगायचं. अनिकेतच्या आईने त्याला पाठिंबा दिला. आम्ही निघालो. पहिल्या घरात त्यांना वाटलं, देण्याघेण्यावरून बिनसलं. दुसऱ्या घरात म्हणाले, भांडण झालं तर सोबत कसे फिरून राह्यले? तिसऱ्या घरापासून आम्ही खरं सांगू लागलो, पण ते तर कोणालाच पटेना. शेवटच्या घरात एक म्हातारेबुवा खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग दरवाज्याआड काय निंगालं?"

मी वामनरावांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. दोघांनीही पाहिलं नव्हतं.

परतताना आम्ही जवळजवळ पळतच आलो. यंत्र दिवाणाखाली पडलेलं, बॅटरी संपून काळं झालेलं. चार्जिंगला लावलं. ते सुरू झालं. मी खेळ सेव्ह केला नव्हता. कंदीलवाली मुलगी पहिल्यासारखी पाण्यात उभी होती आणि तिन्ही हौद कोरडे होते.

पोरीचं स्थळ मोडलं तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत टिपूसही आलं नाही, आणि हौद कोरडे दिसले तेव्हा मात्र दोघं व्याही गळ्यात गळा घालून रडत बसले होते, असं शोभा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्यात एकच चूक आहे. आम्ही व्याही झालोच नाही.