आत्याचा जर्मनीतला मुक्काम

आमच्या खानदानातून पहिल्यांदा परदेशी जाऊन राहिली ती आमची आत्या, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पासपोर्ट माझा होता, विमानात मी बसलो, तिथल्या कॉलेजात एक सत्र मी शिकलो, थंडीनं ओठ माझे फुटले, हे सगळं कबूल. पण राहिली ती आत्या. लातूरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, खुर्चीवर मांडी घालून, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या बाबांच्या फोनसमोर बसून तिनं तो देश असा काही मनसोक्त वापरला, की मला सरकारी खर्चानं नुसतं फोन धरायला पाठवलं होतं की काय अशी शंका येते. त्यामुळे सत्र संपवून मी घरी आलो, तेव्हा पुन्हा इथं रुळायला मला आठवडा लागला. तिला जे जड गेलं, त्याची गोष्ट वेगळीच आहे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि जन्म सगळा नर्सच्या नोकरीत गेला. लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच साली तिची नेमणूक झाली. "मी अन् जिल्हा बरोबरीचे," असं ती सांगते, आणि जिल्ह्यात काही बिघडलं की धाकट्या भावानं घराण्याचं नाव घालवल्यासारखी चिडते. नोकरी सगळी देवणी-उदगीरच्या कडेच्या खेड्यांत. तिथं एका ओट्यावर कानडी, दुसऱ्यावर तेलुगू. तिला यातलं ओ की ठो येत नव्हतं आणि तिचं कधी अडलंही नाही. "तोंड बघितलं की कळतंय. बोलायचं कामून?" हे तिचं वैद्यकशास्त्र. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आली तरी सवय गेली नाही. घरी कुणीही येवो, आत्या आधी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरणार, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढणार, जीभ बाहेर काढायला लावणार आणि मगच बसायला सांगणार. उदगीरला असताना एक पुढारी नवा जिल्हा करून देतो म्हणून मतं मागत तिच्या दारात आले. आत्यानं त्यांना हात जोडू दिले, मग जीभ दाखवायला लावली. "पांढरी हाय," ती म्हणाली. "आधी पोट साफ करा, मंग जिल्ह्याचं बघू." त्यांनी मुकाट्यानं कुठलं औषध घेऊ असं विचारलं म्हणतात. ते निवडून आले की नाही ते आत्याला आठवत नाही. पोट साफ झालं, एवढं पक्कं आठवतं.

मी परत आलो तो दुष्काळाचा एप्रिल होता. हैदराबादला उतरून सकाळच्या गाडीनं लातूर स्टेशनात पोचलो, तर फलाटावर ही गर्दी. माणसं, पोलीस, कॅमेरेवाले, हातात हार घेतलेली मंडळी. गावाला पाणी घेऊन येणारी रेल्वे त्याच सकाळी लागली होती, आणि अख्खं शहर टाक्या बघायला लोटलं होतं. मी दोन बॅगा घेऊन या सगळ्यात उभा. तेवढ्यात गर्दी चिरत आत्या आली, पुढे आत्या, मागे बाबा. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाली, "बघ, तुला घ्यायला किती माणसं आलीत." आणि शेजारच्या गृहस्थांच्या हातातला, इंजिनाला घालायचा हार घेऊन तिनं माझ्या गळ्यात घातला. ते गृहस्थ इतके गोंधळले की त्यांनी माझ्याशी हातही मिळवला. मग भर फलाटावर पापणी, जीभ, नखं. "रंग उघडलाय, रक्त कमी झालंय," असा निकाल लागला आणि मी लातुरात दाखल झालो.

घरी आल्याचा मला इतका आनंद झाला होता की काय करू नि काय नको. पहिले दोन दिवस मी नुसता हसत हिंडत होतो. पण अंगात मुरलेला परदेश असा लगेच जात नाही. गंजगोलाईत भाजीवालीला मी प्रत्येक जुडीमागे थँक्यू म्हणत होतो, शेवटी ती म्हणाली, "घ्यायचं का न्हाई ते सांगा." रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला मी एकटाच थांबलो, तर एका रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेऊन विचारलं, "तब्येत बरी हाय ना भाऊ?" स्वतःच्याच घराचं दार मी टकटक करून उघडू लागलो. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे, सकाळी ब्रश तोंडात धरून मी मोरीतला नळ फिरवला. नुसता फिरवला. त्यातून पाणी यायचा प्रश्नच नव्हता, कित्येक आठवडे तो कोरडाच होता. पण तो फिरवल्याचा आवाज ऐकून आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. "ह्याला अजून तिकडचीच सवय हाय," असं म्हणून तिनं माझा ताबा घेतला. प्लास्टिकच्या टबात उभं राहून तांब्या-तांब्यानं अंघोळ कशी करायची, ते पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला आणि फरशीचं दारातल्या पेरूला कसं घालायचं, हे तिनं मला बाहेर उभी राहून मोठ्यानं शिकवलं. "कान झाले का?" "झाले." "दोन्ही?" हा संवाद अख्ख्या गल्लीनं ऐकला. मी मात्र मजेत होतो, कारण टबात उभं राहून ओरडा खाताना पहिल्यांदा वाटलं, आलो बाबा घरी.

आता तिच्या जर्मनीबद्दल. तिकडे मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरची खोली घेतली होती. बाई एकट्या, मुलगा लांबच्या शहरात. तिकडे बाईमाणसाला फ्राऊ म्हणतात, एवढं मी पहिल्या फोनवर सांगितलं आणि आत्यानं त्यांचं तिथल्या तिथे बारसं केलं, फ्राऊबाई. "तोंड दाखव तिचं," ती म्हणाली. मी फोन त्यांच्यापुढे धरला. आत्यानं डोळे बारीक करून त्यांना नीट पाहिलं, मग जिभेची खूण केली. आणि त्या कडक शिस्तीच्या बाईंनी, ज्या मला जिन्यात बूट घालून चालू देत नसत, त्यांनी जीभ बाहेर काढली. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला, म्हणजे तिकडे दुपारी, दोघींची बैठक सुरू झाली. आत्या मराठीत, फ्राऊबाई जर्मनमध्ये, आणि कुणी कुणाला थांबवायचं नाही. मला जर्मन येई ते पाव विकत घेण्यापुरतं. मी मधे पडून काही समजावू गेलो की दोघीही एकदम मला हातानं गप्प करत. फ्राऊबाई विणकाम दाखवत, आत्या भाकरी थापून दाखवी. फ्राऊबाईंनी एकदा राईच्या पिठाची भाकरी केली, तिचा काठ मोडायला मला दाराच्या फटीची मदत घ्यावी लागली, पण इकडून आत्यानं टाळ्या वाजवल्या. गुडघ्याला तेल कसं चोळायचं ते आत्यानं स्वतःच्या गुडघ्यावर करून दाखवलं आणि फ्राऊबाई चोळू लागल्या. माझी विचारपूस शेवटी, फोन ठेवता ठेवता, "जेवलास का?" एवढीच.

भांडणही झालं एकदा, आणि जोरदार. भर हिवाळ्यात रोज थोडा वेळ खिडक्या सताड उघडून घरात हवा खेळवायची तिकडे पद्धत आहे. फ्राऊबाईंनी एक खिडकी नेमकी फोनच्या वेळी उघडली. बाहेर बर्फ, आणि मी स्वेटर घालून मधोमध उभा. "लेकराला गारठा लागंल. लाव ती खिडकी," आत्या कडाडली. फ्राऊबाईंना शब्द कळला नसेल, पण बोट खिडकीकडे होतं. त्यांनी मान हलवली, दुसरीही खिडकी उघडली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पुढचे काही दिवस बोलणं बंद. आत्या फोनवर येऊन माझ्याशीच बोले आणि तेही लातूरच्या घरातल्या खिडकीकडेसुद्धा पाठ करून. शेवटी एका दुपारी फोनची वेळ झाली तशी फ्राऊबाई हळूच उठल्या, खिडकी लावली, केस नीट केले आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. फोन संपल्यावर त्यांनी ती पुन्हा उघडली. मी आत्याला हे कधी सांगितलेलं नाही.

गल्लीत तर आत्याच्या जर्मनीचा बोलबाला होता. टँकरच्या रांगेत घागरी ठेवल्या की बायका विचारायच्या, आज काय म्हणाल्या फ्राऊबाई. आत्या ऐटीत सांगे, "बर्फ पडायलाय. पायरी बुजली." मग घागरींच्या त्या रांगेत सगळ्या जणी आपापल्या रिकाम्या घागरीत डोकावत. एकीनं विचारलं, एवढं फुकट पडतं तर त्यातलं दोन टँकर इकडं लावून द्यायला काय होतं तिला. आत्यानं ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी फ्राऊबाईंना सांगितलंही. फ्राऊबाई होकारार्थी मान हलवत राहिल्या, तेव्हा दोन दिवस गल्ली आशेवर होती.

मी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हे सगळं माझ्या ध्यानातच नव्हतं. मित्र, माझं मूळचं नांदेडचं कॉलेज, सांगायच्या गोष्टी, यात मी बुडालो होतो. मग एका संध्याकाळी पाहिलं तर आत्या तोंड धुऊन, धुतलेलं पातळ नेसून खुर्चीवर बसलेली. समोर साखरेचा डबा, त्याला टेकवलेला फोन. मी म्हणालो, "आत्या, कुणाची वाट बघायलीस?" "फोन लाव की," ती म्हणाली. "कुणाला? मी तर इथं आलोय." तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तशी ती कधी बघत नाही, पापणी न ओढता. "हाव रे," ती म्हणाली. "तू इकडं आलास. मंग तिच्याकडं कोण हाय?"

फ्राऊबाई मोबाइल वापरत नव्हत्या, त्यांना त्याचा तिटकारा होता. सहा महिने तो फोन म्हणजे मी होतो, आणि मी आनंदानं नाचत निघून आलो होतो. निरोपाच्या दिवशी फ्राऊबाई माझ्या हातातल्या बंद फोनकडे सारख्या का बघत होत्या, ते मला लातुरात येऊन कळलं.

आत्या हातपाय गाळणारी नव्हे. तिनं दुसऱ्याच दिवसापासून उपाय शोधायला घेतले. "तुझा एखादा विषय राहिला न्हाई का रे तिकडं?" तिनं मोठ्या आशेनं विचारलं. मी म्हटलं, सगळे सुटले. तिचा चेहरा पडला. "एवढा अभ्यास करायचा कामून?" लेकरू पास झालं म्हणून बाबा पेढे वाटत होते आणि ही घरातच, नापास होऊन परत बोलावतात का, याची चौकशी करत होती. मग माझ्या खोलीत नवीन पोरगं राहायला आलंय का ते बघ म्हणाली. मी तिथल्या कॉलेजच्या ऑफिसला लिहून विचारलं, खोली रिकामी होती. मग मीच भीत भीत सांगितलं, त्यांच्या घरात जुना, भिंतीजवळचा वायरचा फोन आहे. नंबर आहे माझ्याकडे. पण त्यावर तोंड दिसत नाही आत्या, नुसता आवाज.

"मंग आधी सांगायचं न्हाई का," ती म्हणाली. तिच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. दोन दिवस तयारी. गल्लीतल्या पाच-सहा जणी त्या संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसल्या, फ्राऊबाईंचा आवाज ऐकायला. आईनं चहा टाकला. मी नंबर दाबणार एवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा भोंगा झाला, आठवड्यानं आलेला, आणि चहा तसाच टाकून सगळ्या घागरी उचलून पळाल्या. आईही पळाली. खोलीत आत्या आणि मी. "तू जा आत्या, मी घागर—" "लाव," आत्या म्हणाली.

तिकडे घंटी बराच वेळ वाजली. मग फ्राऊबाईंचा आवाज आला, जरा दबकलेला. आत्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. "जयभीम फ्राऊबाई. मी बोलायली." तिकडून एकदम भरभर, भरभर जर्मन. आत्या ऐकत राहिली. सवयीनं तिनं फोन कानापासून काढून समोर धरला, काळ्या पडद्याकडे बघितलं, पुन्हा कानाला लावला. "गुडघे कसे हायत?" तिनं विचारलं. उत्तर आलं. ते गुडघ्यांबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, आत्याला कळलं नाही, आणि आपल्याला कळत नाही हे तिला जन्मात पहिल्यांदाच कळत होतं. मी हात पुढे केला, म्हटलं, दे, मी विचारतो. तिनं माझ्याकडे पाठ केली.

मग दोघीही बोलायच्या थांबल्या. मला वाटलं ठेवला त्यांनी. पण नाही, तिकडचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येत होता. बाहेर घागरींचा आरडाओरडा चालला होता आणि आत या दोघी, एक शब्द न बोलता, फोन धरून बसल्या होत्या. किती वेळ कोण जाणे. मला फार वाईट वाटत होतं आणि तेवढंच बरंही वाटत होतं. शेवटी तिकडून हळूच काहीतरी दोन शब्द आले आणि फोन ठेवल्याचा आवाज झाला.

आत्यानं पदरानं डोळे पुसले, मग त्याच पदरानं फोन पुसून माझ्या हातात दिला. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काय की. काहीच कळलं न्हाई," आत्या म्हणाली. "पण हाय ती. उद्या परत लाव."