मोंबासाचा सातवी पास मास्तर

लोखंड कातायच्या लेथ मशीनखाली कीस साचतो. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढाच. नोकरीतल्या किश्शांचंही तसंच. भोसरी-चाकणला मी चाळीस वर्षं टर्नर होतो. रिटायर झाल्यावर केनियात पोरांना लेथ शिकवू लागलो, तेव्हापासून जरा जास्तच साचलेत. थोडे झाडतो.

नैरोबीतलं पहिलं काम संपलं. उन्हाळा रावेतला घरी काढला. सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. नळ उघडून पुन्हा बसवले. गळत नव्हते तेसुद्धा. मग ते गळायला लागले! मोंबासाच्या एका तंत्रशाळेचं बोलावणं आलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, जावा. घर तरी वाचंल."

सांगवीचा बबन माझा शिफ्टमधला जुना जोडीदार. निघताना म्हणाला, "राव, तू सातवी पास. तिकडं शिकवणार काय?"

"सातवीच्या पुढचं."

तिथल्या प्रिन्सिपल बाई कडक. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर्टिफिकेट?" मी पिशवीतून पोलादी ठोकळा काढला. माझ्या हातचा. सगळे कोपरे काटकोनात. बाईंनी तो फिरवून पाहिला आणि टेबलावरच्या कागदांवर ठेवून दिला. पंखा जोरात होता!

मग म्हणाल्या, "दोन महिन्यांनी सरकारी परीक्षक येतील. आठांपैकी सहा विद्यार्थी पास झाले तर राहा. नाहीतर परतीचं तिकीट."

रिजेक्ट माल म्हणून रावेतला उतरायचं? ते जमणार नव्हतं.

माझं इंग्रजी कारखान्यातलं. स्टार्ट, स्टॉप, रिजेक्ट. एवढ्यावर महिनाभर वर्ग चालला. बाईंनी बोलावून सांगितलं, "मास्तर, पोरांचं कधी कौतुकही करा." मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी अकिन्यी नावाच्या मुलीचा जॉब, म्हणजे लेथवर घडवलेला तुकडा, बरोबर मापात उतरला. मी म्हणालो, "नॉट रिजेक्ट."

पोरगी नाचत हॉस्टेलला गेली!

जेवायला रोज उगाली. म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा. मी स्वयंपाकीणबाईंना म्हटलं, "ही भाकरीच आहे. थापायची राहिली आहे." बाईंनी पीठ पुढे सरकवलं. मी थापली. तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. बाईंनी ते नीट निरखले आणि विचारलं, "रिजेक्ट?"

परीक्षेची तारीख लागली. नेमकी खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी मशीन चालवत नाहीत. मी कधी चालवलं नाही. प्रिन्सिपल बाईंना तसं सांगितलं.

"मशीन बंद, तर तुम्हीही बंद," बाई म्हणाल्या.

मी लेथ पुसले. हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. खोलीवर जाऊन बॅगही भरून ठेवली.

परीक्षक आले. केस पिकलेले, कपाळाला आठ्या. येताना त्यांची गाडी दोनदा बंद पडली होती. लेथवरचे हार बघून गरजले, "हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत अकिन्यी म्हणाली, "साहेब, आज मशीनची सुट्टी. वर्षातून एकच."

"कुणी दिली?"

"मास्तरांनी."

साहेबांनी हात मागे बांधून सगळ्या लेथना चक्कर मारली. मग खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या पूजेच्या ताटात ठेवली. "हिलाही लावा."

मी कुंकू लावलं. गाडीला हार घातला. म्हटलं, "साहेब, मग आज हिलाही सुट्टी."

प्रिन्सिपल बाईंनी डोळे मिटून घेतले.

साहेब बसने गेले!

दुसऱ्या दिवशी बसनेच आले. परीक्षा घेतली. सात पास. बाईंनी निकाल दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बॅग रिकामी करा, मास्तर."

संध्याकाळी साहेब गाडीत बसले. पहिल्याच स्टार्टरला सुरू झाली. साहेब चपापले. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा सुरू झाली! मी बॉनेट उघडलंसुद्धा नव्हतं.

साहेबांनी काच खाली घेतली.

"मास्तर, ही सुट्टी दर महिन्याला नाही का देता येणार?"