वाडीच्या पुरात वाहून गेलेला मामा

आज सकाळी माझा सख्खा मामा वारला.
मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

कमेंटमध्ये "ताई, झालं गेलं विसरा" लिहिणाऱ्यांनी आधी पोस्ट पूर्ण वाचावी. मग हिंमत असेल तर लिहावं.

गोष्ट त्रेपन्न-चोपन्न सालची. मी तेव्हा दहा वर्षांची.

आमचे आण्णा कोडोलीच्या शाळेत गणिताचे मास्तर. लहानपणी ताप आला आणि त्यांचा डावा पाय अधू झाला. कोल्हापुरातून रोज कोडोलीला जायचे ते फटफटीवरून.

संस्थानातल्या कुठल्याशा साहेबानं वापरून टाकून दिलेली, आण्णांपेक्षा थोडीच लहान. इंजिन विलायती, बाकी सगळं कोल्हापुरी. सीट फाटली तेव्हा आण्णांनी ती चपला शिवणाऱ्याकडून करून घेतली. त्या बाबानं सवयीनं काठाला चपलेसारखी चामड्याची वेणी घातली.

अख्ख्या जिल्ह्यात वेणी घातलेली फटफटी एकच. आमची.

श्रावणात मामा आला. आईच्या पाठचा, तिचा एकुलता एक भाऊ.

"दाजी, गाडी द्या की. नरसोबाच्या वाडीला जाऊन येतो."

आण्णांनी दिली.

चौथ्या दिवशी मामा चालत आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"अक्का, नदीचं पाणी चढलं गं. गाडी गेली वाहून. मी तेवढा वाचलो."

वाडीला पूर येतोच. शंका कोण घेणार?

आईनं त्याला पोटाशी धरलं, गरम भात-तूप वाढलं. आणि तिथंच नवस बोलली. भाऊ वाचला, जोतिबाचा डोंगर अनवाणी चढून गुलाल-खोबरं वाहीन.

आण्णांनी गाडीचं नावही काढलं नाही. पण एसटीच्या गर्दीत त्या पायावर उभं राहणं त्यांना जमेना. दोन महिन्यांत कोडोलीची शाळा सुटली. पोरांना गणिताची गोडी लावणारा माणूस एका लाकडाच्या वखारीत कारकून झाला.

दसरा झाला आणि आम्ही नवस फेडायला निघालो. पायथ्यापर्यंत बसनं. पुढं आई अनवाणी, आण्णा काठी टेकत, मी मधे.

अर्ध्या चढावर मागून फटफटीचा आवाज आला.

आण्णा थांबले. मागं वळले नाहीत. नुसते म्हणाले,
"ही आपली हाय."

"आवो, आपली वाडीला बुडाली न्हवं?" आई म्हणाली.

गाडी जवळ आली. वर एक नारळवाला, मागं नारळाचं पोतं. आणि सीटच्या काठाला वेणी.

आईनं हात आडवा केला. "पावणं, गाडी कुणाची?"

"माझीच की! श्रावणात घेतलीया. कोल्हापूरचं एक पोरगं आलतं. म्हणलं, दाजीची हाय, पर त्यास्नी आता पायामुळं चालवायला जमत न्हाय."

आण्णांनी सीटवरून एकदा हात फिरवला.

"चढाला दुसऱ्या गेरात ठेवा," ते त्याला म्हणाले. "न्हाईतर तापती."

नारळवाल्याला त्यांची काठी दिसली. भला माणूस होता. "बसा की पावणं मागं, वर सोडतो."

आणि आण्णा बसले. स्वतःच्या गाडीवर, पावणं म्हणून, मागं, पोतं मांडीवर घेऊन.

आई बघत राहिली. तिच्या टाचा फुटून रक्त येत होतं.

देवळात तिनं गुलाल-खोबरं वाहिलं नाही. नुसती हात जोडून उभी राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, देवाला काय सांगितलंस?

"नवस चुकून बोललो, म्हणलं. माघारी घेतो."

घरी आल्यावर आण्णा म्हणाले, "जाऊ दे गं. लोखंड हुतं."

"लोखंड न्हवं. तुमचा पाय हुता त्यो."

भाऊबीजेला मामा आला. नवा सदरा, हातात आईसाठी लुगडं. आईनं पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. मामा टोपी घालून ऐटीत बसला.

आई तबक घेऊन आली, त्याच्या शेजारून सरळ अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळायला लागली.

ज्या बाईला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते. तुम्हाला माहीत आहे.

"अक्का, मी हितं हाय की!"

"माझा भाऊ वाडीला वाहून गेला. गाडीसंगं." आईनं तबक खाली ठेवलं. "पावणं, तुमी च्या घेणार काय?"

मामा आधी हसला. मग त्यानं आण्णांकडं पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. कोऱ्या कपाळानं चहा पिऊन गेला.

पुढं अकरा वर्षं तो दर भाऊबीजेला येत होता. दरवर्षी पाट, दरवर्षी चहा, दरवर्षी ओवाळणं चंद्राला. आभाळ भरलेलं असेल तर ढगाला. एका वर्षी तो पाटावर बसून रडला. आईनं विचारलं, "पावणं, साखर कमी पडली का?"

"अक्का, चुकलो." एवढंच म्हणायचं होतं त्यानं. अकरा वर्षांत म्हणाला नाही.

आई गेली तेव्हा दारात येऊन उभा राहिला. मी त्याला चहा दिला.

तुम्ही पोरं हल्ली रस्त्यात एखादी जुनी फटफटी चालताना दिसली की फोटो काढता. मागच्या रविवारी रंकाळ्यावर एक दिसली, केवढी गर्दी! मी गर्दीत घुसून सीट बघितली. वेणी नव्हती. या वयातही मी आधी सीटच बघते.

सकाळी मामेभावाचा फोन आला. "ताई, बाबा गेले. शेवटी शेवटी सारखं अक्का, अक्का करत होते."

बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

दर्शनाला जाणार नाही. सुतकही पाळणार नाही. आमचा मामा श्रावणातच वाडीला वाहून गेला, त्याला सत्तर वर्षं झाली.

आज गेले ते दुसरेच कुणीतरी.

पावणं, तुम्हाला आमची भावपूर्ण श्रद्धांजली.