मांजरीचा कूलर

आईचा आवाज एका मांजरीने परत आणला, हे मला कधीच रुचलं नाही. आधी तेच सांगून टाकते.

दोन हजार साल उजाडायच्या आगेमागे आम्ही दोघी वर्ध्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. अर्धांगवायूनंतर आई सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. तिच्याशी बोलत राहा, बोलणं परत येऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी कचेरीतून आले की तासभर बडबडायचे. आई छताकडे बघत राहायची. मग एका सुट्टीच्या दुपारी गच्चीवरून भुरकट रंगाची एक मांजर आत शिरली. मी स्वयंपाकघरात होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच आईचा आवाज ऐकू आला, "आली काय वो माये?"

मी हातातलं टाकून धावत गेले. ती मला म्हणत नव्हती. मांजर तिच्या पायाशी बसली होती.

मांजर ठेवली. न ठेवून करते काय? आई तिच्याशी रोज दोन शब्द जास्त बोलायची. माझ्याशी एकही नाही. मी घमेल्यात वाळू भरून ठेवली, तर ही बया ती अशी उकरायची की वाळू खोलीभर. पोछा मारला की ती मोरीत, मोरीतून पाइपात, आणि पाइप तुंबला की पाणी खाली घरमालकांच्या अंगणात. घरमालक कापडाचे दुकानदार, माणूस वाईट नव्हता. दिवाळीच्या साफसफाईत तिसऱ्यांदा पाइप तुंबला तेव्हा वर आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, मांजर ठेवा नाई तं खोल्या ठेवा. दोन्ही नाई जमणार."

आजारी बाईला घेऊन मी खोल्या कुठे शोधणार होते? आणि मांजर घालवली की आईचा आवाजही जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

उन्हाळा संपल्यापासून कूलर कोपऱ्यात चादर पांघरून उभा होता. त्याच्याकडे बघता बघता मला सुचलं. पंखा आणि मोटर काढून माळ्यावर टाकली. पंख्याचं गोल भोक हे मांजरीचं दार. पत्र्याची धार लागू नये म्हणून सायकलची जुनी ट्यूब चिरून काठावर बसवली. दोन बाजूंच्या जाळ्यांना आतून रेक्झिन ठोकलं, तिसरी हवेसाठी उघडी ठेवली. ती काढली की साफसफाईला हात जायचा. खालच्या टाकीत वाळू आणि आरामशीनवरचा लाकडाचा भुसा. दारासमोर पाट, त्यावर कूलरच्याच जुन्या गवताची ताटी, म्हणजे उडी मारून बाहेर आली की पायाची वाळू तिथेच झडेल. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी नाक मुरडलं. घमेल्यातली मूठभर जुनी वाळू टाकली तेव्हा कुठे आत शिरल्या. बाहेर एक कण पडला नाही. आयुष्यात माझ्या हातून इतकी नेटकी वस्तू दुसरी झाली नाही.

घरमालकांनी वाकून आत पाहिलं, डोकं लावलं म्हणाले, आणि खोल्यांचा विषय मिटला. आई आता मांजरीला गोष्टी सांगू लागली. पोळ्या करपतात, अशी माझी चुगलीही केली. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. हेवा वाटायचा, आणि बरंही वाटायचं.

पण बंद खोक्यात वास कोंडायला लागला. घमेलं धुऊन उन्हात टाकता येत होतं. कूलर कोण उचलणार? आमच्या घरी स्वच्छता म्हणजे फिनाईल. आईच आयुष्यभर दर शुक्रवारी घर फिनाईलने पुसायची आणि डोळ्यांत पाणी आलं की म्हणायची, आता झालं साफ. तिचीच मी लेक. वाळू काढून टाकी फिनाईलने माखली, वरून नवा भुसा घातला, आणि पुन्हा वास येऊ नये म्हणून भुशावरही शिंपडलं. दर दोन दिवसांनी. अति तेथे माती, हे मला कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांत मांजरीच्या तोंडातून लाळ गळू लागली. मागचे पाय लटपटू लागले. पिशवीत घालून तिला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचा पंजा नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं.

"पायाले फिनाईलचा वास येऊन राह्यला. मांजर पाय चाटते ना, बाई."

मला ते ठाऊक होतं. सगळ्या जगाला ठाऊक असतं. मी रोज तिला पाय चाटताना बघत होते.

तिसऱ्या दिवशी ती गेली. मागच्या आवारात घरमालकांनीच खड्डा खणला. आईला मी सांगितलं, फिरायला गेली असेल. आईने चार-पाच दिवस पायाशी बघून त्या रिकाम्या जागेलाच विचारलं, "कुठी गेली वो?" मग विचारणं थांबवलं, आणि बोलणंही. मी पुन्हा तासभर बडबडू लागले. आई पुन्हा छताकडे बघू लागली.

एप्रिलमध्ये वर्ध्याचं ऊन घरात टिकू देईना. कूलर गच्चीवर नेऊन चिंचेने, साबणाने, राखेने घासला, दोन दिवस तापू दिला. रेक्झिन काढलं, नवं गवत लावलं, पंखा बसवला, पाणी भरलं आणि आईच्या पलंगाकडे तोंड करून बटण दाबलं. पहिलाच गार झोत आला आणि त्यात फिनाईलचा वास होता.

आईने मान वळवली. कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किती महिने मी तिच्या तोंडून माझ्यासाठी एका वाक्याची वाट पाहत होते.

"बंद कर ते," ती म्हणाली.

मी बंद केला. तो अख्खा उन्हाळा ओली चादर खिडकीला लावून, हाताने वारा घालत काढला. आजारपणानंतर आई माझ्याशी बोलली ती तेवढीच.